एका विद्यार्थ्याचें कलाचिंतन

कलेवर लिहिणारांची संख्या अलीकडे पुष्कळच वाढली आहे; परंतु कलाकृति स्वस्थपणें पाहणारांची संख्या त्या मानानें वाढली आहे असें म्हणवत नाहीं. आम्ही स्वतः या दोषापासून मुक्त आहों असेंहि नाहीं. टर्नरच्या चित्रांसंबंधीं रस्किनचे विचार आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें मोठ्या आवेशानें शिकविले. त्या काळांत टर्नरचें एकहि मूळ चित्र आमच्या दृष्टीस पडलेलें नव्हतें. पुस्तकांतील लहानशा प्रतिकृतींवरच आमची सारी भिस्त होती. विद्यार्थ्यांनीं टिपणें उतरून घेतलीं, परीक्षेंत तींच लिहिलीं, आणि आम्हीं त्यांस गुणहि दिले! या गोष्टीची आठवण होण्यास नुकतेंच एक कारण घडलें.

आमच्या एका विद्यार्थ्यानें राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांच्या चित्रकलेवर एक निबंध लिहून आणला. भाषा सफाईदार होती. निर्णय त्याहूनहि सफाईदार होते. रविवर्म्यांची कला म्हणजे युरोपीय तंत्राची उसनवारी. त्यांचे देव व देवता म्हणजे रंगभूमीवरील नट व नटी. भारतीय परंपरेशीं त्यांचें नातें वरवरचें. हे उद्गार आम्हांस ओळखीचे वाटले यांत नवल नाहीं. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या वातावरणांत हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांनीं रविवर्म्यांवर जी टीका केली, तिचाच हा शंभराहून अधिक वर्षांनंतरचा प्रतिध्वनि होता. आम्हीं त्यास एवढेंच विचारलें, “यांतलें कोणतें चित्र तूं प्रत्यक्ष पाहिलें आहेस?” तो घुटमळला आणि म्हणाला, “सर, आजीच्या देवघरांत लक्ष्मीची तसबीर आहे, तेवढीच.”

पुढें सुटींत तो तिरुवनंतपुरम् येथें गेला. तेथील श्रीचित्रा कलादालनांत ‘हंस-दमयंती’ हें १८९९ सालचें तैलचित्र त्यानें पाहिलें, आणि परत आल्यावर पहिला निबंध बाजूस सारून दुसरा लिहिला. या दुसऱ्या निबंधाचाच परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

पहिल्या निबंधाची ऐट या निबंधांत नाहीं. दमयंतीच्या तांबड्या साडीच्या चुण्या कशा पडल्या आहेत, तो रंग कोठें उजळतो व कोठें सावलींत मावळतो, यांची त्यानें साधी नोंद केली आहे. मग तो तैलचित्र व तसबीर यांतील भेदाकडे वळतो. १८९४ मध्यें रविवर्म्यांनीं मुंबईंत छापखाना काढला. तेथें शिळाछापाच्या पद्धतीनें प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड तयार करीत, आणि कागदावर एकामागून एक रंग चढवून तसबीर पुरी होई. चित्रकाराच्या हातची एक सलग छटा अशा रीतीनें अनेक दगडांत वांटली जाते, तेव्हां तिच्यांतील हळुवारपणा थोडाबहुत हरपणारच. म्हणून तसबिरीवरून चित्रकाराची परीक्षा करूं नये, हें त्याचें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

विशेष हें कीं, त्याचें मत अगदीं उलटें झालेलें नाहीं. दमयंतीच्या उभें राहण्यांत नाटकीपणाचा अंश आहे असें त्यास अजूनहि वाटतें. परंतु पहिल्या निबंधांत तो शब्द दुसऱ्यांचा होता. आतां तो त्याचा स्वतःचा आहे, कारण तो अंश चित्रांत नेमका कोठें आहे हें त्यास सांगतां येतें. टीकाकारानें निर्णय देण्यापूर्वीं आपण काय पाहिलें तें सांगावें, एवढेंच या निबंधाचें सार आहे. हें लिहावयास सोपें, पण पाळावयास कठीण.

आतां दोन दोष. एक, प्रत्यक्ष दर्शनाच्या उत्साहांत तो ग्रंथांस तुच्छ लेखूं लागला आहे. हॅवेल व कुमारस्वामी लिहीत होते त्या काळीं आमच्या कलाशाळांतून ग्रीक पुतळ्यांचे सांचे गिरविले जात, आणि भारतीय शिल्पास उच्च कलेंत स्थान आहे हें पुष्कळ विद्वानांस मान्यच नव्हतें. त्यांच्या लेखणीची धार तिखट झाली ती या अन्यायामुळें. त्यांचा निर्णय उसना घेऊं नये हें खरें. परंतु त्यांनीं तो कां दिला हें जाणून घेणें टाळूं नये.

दुसरा दोष अधिक महत्त्वाचा आहे. तसबीर म्हणजे तैलचित्राची उतरलेली प्रत, एवढेंच तो धरून चालतो. राजवाड्यांतील चित्रें पाहण्याचा योग ज्या असंख्य घरांस आला नसता, त्यांच्या भिंतींवर या छापील लक्ष्मी-सरस्वती आल्या. ज्या घरांत त्यांची पूजा झाली, तेथें त्या कशाचीहि प्रत नव्हत्या. वस्तु ज्या कामासाठीं निर्माण झाली तें काम ती कसें करते, हें पाहणें हाहि टीकेचाच भाग आहे.

असो. आम्हीं त्यास तिसरा निबंध लिहावयास सांगितलें आहे. दमयंतीसाठीं तो इतका दूर गेला. जी तसबीर लहानपणापासून घरांतच आहे, तिच्यासमोर त्यानें आतां तितकाच वेळ बसावें, आणि आजीसहि कांहीं विचारावें. आम्ही त्या निबंधाची वाट पाहत आहों.