ओल कुणाची, तक्रार कुणाची?

नवी बिल्डिंग म्हणजे कटकट नाही, असं समजून आपण चार पैसे जास्त भाडं मोजतो. पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल येते. आता रेरा कायदा (२०१६) उघडून बघा. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करायचा, असं कलम १४(३) सांगतं. छान. पण कळवायचा कुणी? 'अलॉटी'ने. आणि कलम २(डी)मधल्या व्याख्येतून भाड्याने राहणारा चक्क नाव घेऊन वगळलाय. फ्लॅट पुढे विकत घेणारा मात्र आत आहे! म्हणजे हे अनवधानाने झालेलं नाही. कायद्याला घराचा मालक दिसतो, घरात राहणारा नाही. गंमत अशी की ओल दिसते ती राहणाऱ्यालाच. मालकाने गुंतवणूक म्हणून घर घेतलेलं, तो दुसऱ्या शहरात. त्याने पत्र लिहीपर्यंत आपले ११ महिने संपतात. निदान दोष कळवायचा हक्क राहणाऱ्याला दिला असता तर मालकाचं काय गेलं असतं? भिंत त्याचीच सुधारली असती. तोवर फोटो काढून मालकाला ईमेल करा, आणि बिल्डरला त्याच्याच नावाने लेखी कळवायला लावा.