संगीत नाटकाचे स्मरणरंजन आणि उद्योगनगरीतील प्रेक्षक : काळेवाडी परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

मराठी नाट्यसमीक्षेत संगीत नाटकाविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने नाटकाला जाण्याच्या रीतीचा विचार अल्प झालेला दिसतो. ही रीत मुख्यतः आठवणींच्या वाङ्मयात टिकून आहे. रात्रभर रंगणारे प्रयोग, आवडत्या पदाला पुन्हा पुन्हा मिळणारा 'वन्स मोअर' आणि पहाटे पदे गुणगुणत घरी परतणारे प्रेक्षक हे या आठवणींचे ठरलेले घटक होत. रसिकता ओसरली म्हणून परंपरा लोपली, असे एक गृहीत या स्मरणरंजनामागे असते. प्रस्तुत लेखात काळेवाडी परिसराच्या संदर्भात हे गृहीत तपासले आहे.

परंपरा आणि वेळ

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. १८८२ मध्ये 'संगीत सौभद्र' आले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मुंबईत केलेला 'संयुक्त मानापमान' हा प्रयोग तर या स्मृतीचे शिखरच मानला जातो. या वैभवामागे रसिकतेइतकाच आश्रयाचा आणि मोकळ्या वेळेचा आधार होता. बडोदा, कोल्हापूर यांसारख्या संस्थानांनी नाटक मंडळ्यांना आश्रय दिला. प्रयोगासाठी रात्र जागणे आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती घेणे ज्यांना परवडत होते, त्यांचाच अनुभव पुढे लेखनात अधिक उतरला.

१९३२ च्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपट सुरू झाला आणि १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने आटोपशीर, वास्तववादी प्रयोगाचा आदर्श समोर ठेवला. पुढे 'मत्स्यगंधा' (१९६४) आणि 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) यांतून जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने मोजक्या पदांच्या नाटकाला प्रतिष्ठा मिळाली. संगीत नाटकाने स्वतःच बदलत्या वेळेशी जुळवून घेतले होते. लांबलेली रात्र हाच त्याचा प्राण मानणे त्यामुळे अपुरे ठरते.

काळेवाडीचा प्रेक्षक

पवनेच्या काठी, पिंपरीच्या समोर वसलेल्या काळेवाडीचा विस्तार उद्योगांबरोबर झाला. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि परिसरात कारखानदारी वाढली. तीन पाळ्यांत काम करणाऱ्या कामगाराची रात्र भोंग्याला बांधलेली असते. त्याच्या नाटकाला न जाण्यास अरसिकता म्हणणे अन्यायाचे आहे.

आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र अशा भागांतून आलेल्या कुटुंबांच्या स्मृतीतही संगीतमय नाट्य आहेच. जत्रेतील तमाशा व वग, भारूड, गोंधळ यांसाठी गावेही रात्र जागत असत. संगीत नाटकाच्या स्मरणरंजनात या जागरणाला स्थान मिळत नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधन आणताना बंदिस्त सभागृहांना सूट दिली. उघड्यावरील खेळांना मात्र शासनाने वर्षातील मोजक्या दिवशी दिलेल्या सवलतीवरच अवलंबून राहावे लागते. एका परंपरेचा अस्त हळहळीने नोंदवला जातो, दुसरीचा आक्रसलेला अवकाश मात्र सांस्कृतिक हानी म्हणून क्वचितच मोजला जातो.

दोन स्मृतींचा संगम

२०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आलेले प्राजक्त देशमुख लिखित-दिग्दर्शित 'संगीत देवबाभळी' या संदर्भात लक्षणीय आहे. तुकारामांची पत्नी आवली आणि रखुमाई या दोनच पात्रांवर ते उभे आहे. त्याच्या संगीताची मुळे अभंग-ओवीच्या परंपरेत आहेत. वारी व भजनाच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकाला ही गाणी परकी वाटण्याचे कारण नाही. शिवाय तुकारामांचे देहू याच परिसरात आहे. नाट्यपदांच्या श्रवणाची पूर्वपीठिका नसलेल्या प्रेक्षकासाठीही संगीत नाटकाचे दार उघडू शकते, हे या नाटकाने दाखवून दिले.

समारोप

जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आणि पिंपळे गुरवचे निळू फुले रंगमंदिर अशा वास्तूही शहरात आहेत. निळू फुले यांची जडणघडण कलापथकात व लोकनाट्यात झाली होती, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. प्रेक्षागृहाच्या आणि जत्रेच्या अशा दोन्ही आठवणी एकाच नाट्यसंस्कृतीच्या आहेत. त्यांची नोंद एकत्र झाली नाही, तर कामगार वसाहतींतील पुढच्या पिढीला आपण या परंपरेचे वारस आहोत हे कळणारच नाही. ही पिढी शिकत असलेल्या परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी ज्येष्ठ कामगारांच्या व गृहिणींच्या नाट्यस्मृती संकलित करणे म्हणूनच निकडीचे आहे. असे संकलन झाल्यास गतवैभवाच्या हळहळीपलीकडे जाऊन प्रयोगाची वेळ, तिकिटाचा दर आणि प्रेक्षकाची पाळी यांचा विचार नाट्यसमीक्षेला करता येईल.