पडद्यावरील बोली आणि लेखणीचा अधिकार

मराठी चित्रपटाने उपेक्षितांस स्थान दिले नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी खरा नाही. दलित, भटके, शेतमजूर अशी पात्रे पडद्यावर पुष्कळ आली. ती कोणाच्या लेखणीतून आली, हा खरा प्रश्न होय. आणि भाषाभ्यासकास त्याचा पुरावा संवादांतच सापडतो. विनोद बोलीत आणि विचार प्रमाण भाषेत, अशी वाटणी जेथे होते तेथे बोली बोलणारा माणूस पाहुणाच राहतो.

या दृष्टीने नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) पाहण्यासारखा आहे. शीर्षकच कैकाडीतले, अर्थ डुक्कर. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात कैकाडीची गणना द्राविडी कुळात केली आहे. म्हणजे जब्याचे घर आणि त्याची शाळा यांत केवळ लहेजाचे नव्हे, भाषाकुळाचे अंतर आहे. घरात कैकाडी, गावात मराठी, ही अदलाबदल चित्रपटात कोणी समजावून सांगत नाही. ती घडते, आणि जातीची रेषा कानाला कळते. करमाळा तालुक्यातील जेऊरचे मंजुळे स्वतः वडार समाजातले, कैकाडी नव्हेत. तेव्हा ज्याने त्याने आपल्याच जातीविषयी लिहावे, असा संकुचित निष्कर्ष येथून निघत नाही. निघतो तो एवढाच, की त्या अपमानाशी ज्याचा परिचय आहे, त्याच्या हाती संहिता असली म्हणजे बोली शोभेची वस्तू राहत नाही. जब्याची भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडे यास बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हेही येथे नोंदवावे.

आता पूर्व विदर्भाकडे वळू. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा येथे एखादे चित्रपथक उतरलेच, तर ते तेथील तलावासाठी व भोवतीच्या रानासाठी उतरेल. गावाच्या बोलीसाठी कोणी येईल, असे वाटत नाही. वास्तविक गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत कलावंतांचा तुटवडा कधीच नव्हता. धान निघाले की मंडई भरते, दंडार व खडी गंमत होते, आणि वडशाच्या कंपन्या तिकीट लावून रात्रभर नाटके करतात. ही हौस नव्हे, व्यवसाय आहे. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईस पोहोचणे एका रात्रीचे काम. संहिता घेऊन तेथे वर्षभर बिनपगारी तग धरणे, हे धानउत्पादकाच्या मुलास परवडणारे नाही. निवड गुणांची होण्यापूर्वीच भाड्याच्या खोलीत होऊन जाते.

तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ने (2022) ही रंगभूमी पडद्यावर आणली आणि भूमिका तेथल्याच नटांना दिल्या. हे त्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र एका चित्रपटाने वाट पडत नाही. शिवाय, आणि हे आपल्या भागातील मंडळींना कदाचित रुचणार नाही, झाडीपट्टीच्या अनेक नाटकांतही नायक प्रमाण मराठीत बोलतो व झाडी बोली विनोदी पात्राच्या वाट्याला येते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या प्रेक्षकासमोर त्याच्याच गावचा नट ‘ण’ घोटून उच्चारतो! मुंबईने घातलेली उतरंड आपण घरी पाळली आहे.

निर्माते आता ‘बोली-मार्गदर्शक’ नेमू लागले आहेत. ही सुधारणा मला अपुरी वाटते. तयार संवादांचा बोलीत अनुवाद केल्याने उच्चार बदलतात. प्रसंगाची निवड, रागाची तऱ्हा, मौनाची जागा मूळ लेखकाचीच राहते. त्यापेक्षा पटकथालेखनाची अनुदाने बोलीतील संहितांना खुली करावीत आणि त्या वाचण्यास ती बोली जाणणारा परीक्षक असावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी येत्या हंगामात मंडईतील प्रयोगांचे ध्वनिमुद्रण करून कोणते पात्र कोणत्या भावनेत कोणती बोली वापरते याची मोजदाद केली, तर अशा परीक्षकांच्या हाती काही आधार येईल.