पापाची प्रेरणा : स्वेच्छा की प्रलोभन? ('ज्ञानेश्वरी'चा तिसरा अध्याय व 'क्रिस्तपुराण' यांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

मनुष्य पाप करतो ते स्वतःच्या इच्छेने, की बाहेरून कोणी त्याला भुलवितो म्हणून, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच जुना आहे. मराठीत तो दोन भिन्न परंपरांतील ग्रंथांत येतो. पहिला ग्रंथ म्हणजे शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे सिद्ध झालेली 'ज्ञानेश्वरी', दुसरा, गोव्यातील साष्टी प्रांतात राचोल येथे १६१६ मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण'. या दोन परंपरांविषयी एक ठरीव विधान वारंवार केले जाते : भारतीय विचार कर्म व दैव मानतो, म्हणून तो माणसाला पराधीन ठरवितो, ख्रिस्ती विचार इच्छास्वातंत्र्य मानतो, म्हणून तो माणसाला जबाबदार धरतो. हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. अर्जुनाचा प्रश्न :

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील ३६व्या श्लोकात अर्जुन विचारतो की, इच्छा नसतानाही, जणू कोणी बळजबरी केल्याप्रमाणे, माणूस पापाकडे कोणाच्या प्रेरणेने ओढला जातो? ज्ञानेश्वरांनी या एका श्लोकाचा केलेला विस्तार लक्षणीय आहे. त्यांचा अर्जुन अज्ञानी माणसाविषयी विचारीत नाही. आंधळ्याला दाणा व भूस निवडता येत नाही हे समजण्यासारखे आहे. परंतु डोळस माणूस क्षणभर आंधळ्यासारखा का वागतो, हा त्याचा प्रश्न आहे. जे पापापासून लपतात, त्याला चुकविण्यासाठी सर्व प्रयत्न करतात, तेच पुन्हा बळाने त्यात लोटले जातात. म्हणजे प्रश्न अज्ञानाचा नाही, जाणत्याच्या पतनाचा आहे. सुशिक्षितांना हा प्रश्न अधिक लागू पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

२. रूपक बाहेरचे, वास्तव्य आतले :

या प्रश्नाचे उत्तर काम आणि क्रोध असे आहे. त्यांचे वर्णन करताना ज्ञानेश्वर एकामागून एक रूपके योजतात. हे ज्ञानरूपी ठेव्यावरील भुजंग आहेत, विषयांच्या दरीतील वाघ आहेत, भजनमार्गावरील मारेकरी आहेत. वरवर पाहता हे सर्व शत्रू बाहेरचे वाटतात. 'षड्रिपू' या शब्दामुळेही तसाच समज होतो. पण ही श्वापदे जेथे राहतात ती स्थळे पाहिली म्हणजे चित्र पालटते. ठेवा ज्ञानाचा, दुर्ग देहाचा, गाव इंद्रियांचे. प्राणी बाहेरचे, पण त्यांचे रान माणसाच्या आतच आहे. गीतेनेही पुढे इंद्रिये, मन व बुद्धी ही कामाची निवासस्थाने सांगितली आहेत.

मग माणूस पराधीन ठरतो काय? ज्ञानेश्वरांचे उत्तर नकारार्थी आहे. इंद्रिये हा या शत्रूंचा पहिला थारा; तो आधी मोडावा, म्हणजे मनाची धाव थांबेल, बुद्धी मोकळी होईल आणि त्यांना राहावयास जागाच उरणार नाही, असा क्रम ते सांगतात. ज्याला काही करणे शक्यच नाही त्याला असा उपदेश करण्यात अर्थ नसतो. पापाचा उगम इच्छेच्या ताब्यात नसेल. पण त्याला दिलेला आसरा काढून घेणे तिच्या ताब्यात आहे. लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे स्वतंत्र प्रकरण योजले, तेही कर्मसिद्धांत म्हणजे दैववाद नव्हे हे दाखविण्यासाठीच.

३. 'क्रिस्तपुराणा'तील सर्प :

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'क्रिस्तपुराणा'त आदिपुरुष आणि आदिस्त्री यांच्या पतनाची बायबलमधील कथा मराठी पुराणाच्या घाटात आली आहे. येथे भुलविणारा खरोखरच बाहेर आहे. तो सर्परूपाने येतो, बोलतो, फळाची गोडी लावतो. तरीही ही कथा प्रलोभनाला पापाचे पुरेसे कारण मानीत नाही. झाडाझडतीच्या वेळी आदाम एवेकडे बोट दाखवितो आणि एवा सर्पाकडे. परंतु दंड तिघांनाही होतो. भुरळ पडली हे खरे मानले गेले, पण तेवढ्याने सुटका झाली नाही.

शिवाय एक तर्क उरतो. माणसाला सैतानाने भुलविले. मग सैतानाला कोणी भुलविले? देवदूतांच्या पतनाच्या परंपरागत कथेत त्याला भुलविणारा कोणी नाही; त्याचा स्वतःचा अहंकार आहे. म्हणजे बाह्य कारणांची साखळी मागे नेता नेता शेवटी इच्छेपाशीच येऊन थांबते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये, आदामाच्या पापानंतरही मानवी इच्छा दुर्बळ झाली, पण नष्ट झाली नाही, असे ठरविले होते. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्स या जेझुइट धर्मोपदेशकाची वैचारिक भूमी हीच होती.

दोन्ही ग्रंथांत सर्प आहे, हे साम्य मात्र जपून घ्यावे लागते. 'ज्ञानेश्वरी'तील भुजंग मालकाला त्याच्याच ठेव्यापासून दूर ठेवतो. बागेतील सर्प निषिद्ध ज्ञानाकडे नेतो. एकाचे पाप ज्ञान झाकण्याने घडते, दुसऱ्याचे आज्ञाभंगाने. दायित्वाच्या प्रश्नावर मात्र दोन्ही ग्रंथ जवळ येतात.

४. प्रलोभनाची सामाजिक बाजू :

तथापि दोन्ही ग्रंथांची एक मर्यादा नोंदविली पाहिजे. प्रलोभन कोण उभे करतो व त्यात कोणाचा लाभ असतो, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. वऱ्हाडात तो विचारला गाडगेबाबांनी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या बाबांच्या वडिलांचा अंत दारूपायी झाला, असे चरित्रकार सांगतात. दारू, कर्ज व नवसाचे बकरे यांविषयी ते कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवीत. या पद्धतीत एक तत्त्व आहे. ते पिणाऱ्याला केवळ बळी मानीत नव्हते, कारण बळीला कोणी प्रश्न विचारीत नाही. केवळ पापीही मानीत नव्हते, कारण गावात शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा उभ्या राहाव्यात म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. मोह कमी करणे हे समाजाचे काम आणि मोहाला नकार देणे हे व्यक्तीचे, अशी ही विभागणी आहे.

या विभागणीचे महत्त्व प्रस्तुत लेखकाला परीक्षागृहात जाणवले. कॉपी करताना सापडलेला विद्यार्थी म्हणाला, "सर, चिठ्ठी मागून आली. सगळेच करत होते." त्याचे दोन्ही म्हणणे खरे होते. तरी चिठ्ठी उघडणारा हात त्याचाच होता. आणि जेथे सगळेच करतात असे वातावरण तयार होते, तेथे पर्यवेक्षक म्हणून आमचे हात कोठे होते, हा प्रश्न त्या दिवशीच्या अहवालात कोणी लिहिला नाही; प्रस्तुत लेखकानेही नाही. त्यालाच दोषी ठरवून आम्ही मोकळे झालो. आदामाने एवेकडे दाखविलेले बोट आणि आमचे बोट यांत फारसे अंतर नव्हते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'दैववादी पूर्व' आणि 'स्वातंत्र्यवादी पश्चिम' ही विभागणी या दोन मराठी ग्रंथांपुरती तरी टिकत नाही. एक शत्रूला आत वसवितो, दुसरा बाहेर उभा करतो. परंतु दोघेही पापाचे कारण आणि पापाचे दायित्व यांत फरक करतात. 'मला भुलविले' हे विधान कारण सांगते, दायित्व संपवीत नाही. तसेच 'त्याने स्वेच्छेने केले' हे विधान त्याचे दायित्व ठरविते, इतरांचे पुसून टाकीत नाही. पहिले विधान आपण स्वतःसाठी वापरतो आणि दुसरे इतरांसाठी. ते उलट वापरावयास शिकणे, हेच या ग्रंथांच्या वाचनाचे फलित होय.