सुवचनांचे मूळ आणि आपली जबाबदारी

पिंपरी पेंढार, ओतूर, आळे या गावांकडून जुन्नरला येणारे धम्मबांधव मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांतील लेणी पाहतात. तेथील ब्राह्मी लिपीतले प्राकृत शिलालेख मात्र बहुधा दुर्लक्षित राहतात. यवन चिट याने संघाला भोजनमंडप दिला, यवन इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली, धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात गर्भांचे लेणे व टाके दिले, असे तेथे स्पष्ट कोरलेले आहे. दान कोणी दिले आणि काय दिले, हे दोन सहस्र वर्षांनंतरही संदिग्ध राहिलेले नाही.

आपल्या विहारांच्या भिंतींवरील आणि जयंतीच्या फलकांवरील सुवचनांविषयी असे म्हणता येईल काय? तेथे 'भगवान बुद्ध' किंवा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' एवढेच लिहिलेले असते. ते वचन कोणत्या सुत्तातील, कोणत्या भाषणातील, कोणत्या प्रसंगाचे, याचा उल्लेख नसतो. प्रस्तुत लेखात आम्ही अशा दोन वचनांचा विचार करीत आहोत.

पहिले वचन 'अत्त दीप भव'. महापरिनिब्बान सुत्तात, वैशालीजवळील वेळुव ग्रामी अखेरच्या वर्षावासात तथागतांनी आनंदाला केलेल्या उपदेशात याचे मूळ आहे. परंतु तेथे हे शब्द या रूपात नाहीत. तेथे 'अत्तदीपा' असा सामासिक शब्द असून क्रियापद अनेकवचनी आहे. म्हणजे हा उपदेश एकट्या आनंदासाठी नसून संघासाठी आहे. शिवाय पालीतील 'दीप' शब्दाचे दिवा आणि द्वीप असे दोन्ही अर्थ होतात. अट्ठकथेने महासागरातील द्वीप हा अर्थ घेतला आहे. मराठीत दिव्याचा अर्थ रूढ झाला, त्यास आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो गाळलेल्या अर्ध्या भागाला. स्वतःला शरण जा असे सांगून तथागत थांबले नाहीत; त्याच श्वासात त्यांनी धम्माला द्वीप करण्यास, धम्माला शरण जाण्यास सांगितले. हा भाग गळाला की उपदेशाचे रूपांतर केवळ आत्मविश्वासाच्या घोषवाक्यात होते, आणि ज्याला जे वाटेल ते करण्यास बुद्धाचा आधार मिळतो.

दुसरे वचन 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी जो अंतिम संदेश दिला, त्याचा इंग्रजी क्रम 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ' असा आहे. तेथे चेतविणे दुसरे आणि संघटन तिसरे. मराठीत क्रम उलटला आणि 'चेतवा' याच्या जागी 'संघर्ष करा' आले. हा फरक किरकोळ नाही, असे आमचे मत आहे. शिकलेल्या मनात अन्यायाविषयी खळबळ उत्पन्न झाल्याशिवाय उभे केलेले संघटन म्हणजे केवळ सभासदांची यादी होय. त्याच भाषणात बाबासाहेबांनी हा लढा संपत्तीसाठी वा सत्तेसाठी नसून मानवी व्यक्तित्वाच्या पुनःप्राप्तीसाठी आहे असे सांगितले. तेव्हा ही खळबळ प्रथम मनातलीच समजावी लागते.

हे तीन शब्दही बाबासाहेबांच्या पूर्वीचे आहेत. १८८० च्या दशकात इंग्लंडमधील डेमोक्रॅटिक फेडरेशनच्या सभासदपत्रावर ते छापलेले होते; त्या पत्राचे रेखाटन विल्यम मॉरिस यांचे होते. हे ऐकून काही बांधवांना दुःख होते. त्याचे कारण आम्हांस दिसत नाही. शब्द कामगारांच्या चळवळीतून आले. बाबासाहेबांनी ते अस्पृश्यांच्या मुक्तीसाठी वापरले आणि त्यांना नवा आशय दिला. उगम कळल्याने श्रेय घटत नाही, उलट कार्याचा आवाका कळतो.

बाबासाहेब स्वतः उगमाविषयी किती दक्ष होते, याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्पष्ट केले की, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. १९५७ साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्यांनी बुद्धाच्या हयातीतच त्याच्या वचनांचा विपर्यास झाल्याची पाच उदाहरणे दिली आणि बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या सांगितल्या.

या दक्षतेची परंपरा त्याहून जुनी आहे. महापरिनिब्बान सुत्तातच चार महापदेश आहेत. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल, संघाकडून, अनेक थेरांकडून वा एका बहुश्रुत थेराकडून ऐकले. त्याचे म्हणणे लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ते ताडून पाहावे, आणि जुळले तरच ग्रहण करावे. सांगणारा कितीही आदरणीय असो, कसोटी सुटत नाही.

म्हणून आमची विहार समित्यांना विनंती आहे. भिंतीवर वचन लिहिताना खाली सुत्ताचे नाव, भाषणाचे स्थळ व वर्ष लिहावे. ज्या वचनाचा आधार सापडत नाही ते सुंदर असले तरी बुद्धाच्या वा बाबासाहेबांच्या नावावर घालू नये. पाहिजे तर नावावाचून लिहावे. यवन चिटाने दिलेल्या भोजनमंडपाची नोंद जेथे पाषाणावर टिकली, त्या जुन्नरच्या भूमीत शास्त्याच्या वचनांची नोंद तरी निष्काळजीपणे होऊ नये.