बातमीचे संग्रहालय की घटनेचे?

वृत्तपत्र एका दिवसाचे आयुष्य घेऊन जन्माला येते. संग्रहालयाला टिकाऊपण अभिप्रेत असते. या परस्परविरोधी कालकल्पनांना एका छपराखाली आणण्याचा खटाटोप अमेरिकेतील ‘न्यूझियम’ने केला. १९९७ मध्ये आर्लिंग्टन येथे उघडलेले हे संग्रहालय २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरील भव्य वास्तूत गेले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले. त्याच्या आर्थिक विवंचनेची चर्चा पुष्कळ झाली. मांडणीमागील विचाराची त्यामानाने कमीच.

यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगात कलाकृतीभोवतीचे वलय लोप पावते, असे वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ च्या निबंधात प्रतिपादिले. वृत्तपत्राला तर मूळ प्रत नसतेच; एका पहाटे छापलेली प्रत्येक प्रत सारखीच अस्सल. मग काचेमागे ठेवायचे काय? न्यूझियमने वलय बाहेरून आणले : बर्लिनच्या भिंतीचे आठ खंड, जागतिक व्यापार केंद्राच्या मनोऱ्यावरील मोडकातोडका अँटेना. या वस्तू अस्सल खऱ्या, पण त्या घटनेच्या आहेत, बातमीच्या नव्हेत. घटनेची बातमी होताना निवड होते, शब्द ठरतात, एखादा परिच्छेद गाळला जातो; पत्रकारितेची खरी भूमी ती, आणि वस्तूच्या दिपवणाऱ्या सान्निध्यात नेमकी तीच झाकोळते. त्या अँटेनामागे दुसऱ्या दिवशीच्या अंकांची पहिली पाने भिंतभर लावलेली होती. एकाच घटनेचे इतके मथळे शेजारी शेजारी असणे ही वाचनाची केवढी संधी! परंतु नजर आधी लोखंडाकडेच वळणार.

शिवाय पहिले पान म्हणजे अंक नव्हे. अग्रलेख, वाचकांची पत्रे, बाजारभाव, छोट्या जाहिराती हे सारे आत असते, आणि काचेखालचे पान उलटता येत नाही. तेथे मथळा वाचला जात नाही. चित्रासारखा पाहिला जातो.

याला दोन अपवाद नोंदविले पाहिजेत. कामावर असताना मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक पत्रकारांची नावे काचेवर कोरली होती. तेथे वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. दुसरा अपवाद दाराबाहेरचा. रस्त्यालगत त्या त्या दिवसाची पहिली पाने लावली जात व दुसऱ्या दिवशी बदलली जात. आत जाण्यास सुमारे २५ डॉलर पडत. हे दालन फुकट होते. माझ्या मते बातमीच्या क्षणभंगुर स्वभावाशी प्रामाणिक राहिलेले तेवढेच.

दर्शनी भिंतीवर संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीचे ४५ शब्द संगमरवरात कोरले होते. ती शिला आता फिलाडेल्फियाच्या संविधान केंद्रात उभी आहे. रस्त्यालगतची ती पाने उरली नाहीत.