आतून ढकललेली एसटी

लहानपणी सुट्टीत गावाला जाताना आमची एसटी घाटात बंद पडली. बाप्येमंडळी उतरून ढकलायला लागली. आम्हा पोरांना खाली उतरायची परवानगी नव्हती, म्हणून मी आणि माझा आतेभाऊ ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला हात लावून आतूनच जोर करत होतो. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुमच्या जोरानं गाडी चालली असती तर डिझेल कशाला भरलं असतं?"

हे आठवायचं कारण म्हणजे यंदाच्या दिवाळीत इथल्या मंडळाच्या फराळाला झालेली एक चर्चा. एक काका, निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर, चाळीस वर्षं इंग्लंडात. मी अगदी लहान बलं मोजायचं काम करते हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. चकली हातात धरून त्यांनी विचारलं, "त्या ईएमड्राइव्हचं काय झालं गं पुढे? नासाच्या लोकांनी तर मोजून दाखवलं होतं." मी म्हटलं, ते नव्हतंच काही. तर म्हणाले, "अगं, तुम्ही शास्त्रज्ञ लोक मन मोकळं ठेवत नाही. गोडार्डलाही असंच हसले होते."

हे मला लागलं. कारण मीही तो लेख वाचला नव्हता, नुसता ऐकून मोडीत काढला होता. घरी येऊन तो आणि त्याच्या आगेमागे आलेलं बरंचसं वाचून काढलं. खाली लिहिलंय ते त्या वाचनाचं परीक्षण समजा.

आधी यंत्र कसं ते पाहू. घरातली बादली डोळ्यांसमोर आणा: तळ लहान, तोंड मोठं. ती तांब्याची करा, तोंडावर तांब्याचंच झाकण पक्कं बसवा आणि आत मायक्रोवेव्ह सोडा, स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये असतात तशाच. रॉजर शॉयर या ब्रिटिश इंजिनिअरचं म्हणणं असं की मोठ्या बाजूवर लहरींचा दाब जास्त पडतो, लहान बाजूवर कमी, आणि या फरकामुळे बादली एका दिशेनं ढकलली जाते. मागे काही फेकायचं नाही, इंधन संपायचं नाही, वीज मिळाली की झालं. २००१ मध्ये त्यानं कंपनी काढली, २००६ मध्ये 'न्यू सायंटिस्ट'नं त्याला मुखपृष्ठ दिलं आणि भौतिकशास्त्रज्ञांनी त्या अंकावर तुटून टीका केली.

शॉयरच्या युक्तिवादात एक गोष्ट राहून गेली आहे. बादलीला बाजूची भिंतही असते, आणि ती तिरकी असते. तिच्यावर पडणारा दाबही थोडासा बादलीच्या अक्षाच्या दिशेनं ढकलतो. तो हिशेबात घेतला की दोन टोकांमधला फरक बरोबर शून्यावर येतो. बादलीच्या आकाराचा प्रेशर कुकर वाफेनं भरला तरी ओट्यावरून चालत नाही, त्याचं कारण हेच. झाकणावरचा जोर तळावरच्या जोरापेक्षा जास्त असतोच, पण भिंत उरलेलं सगळं परत करते.

शाळेत आपण याला संवेग अक्षय्यतेचा सिद्धान्त म्हणून शिकलो. बंदूक, गोळी, मागे बसणारा धक्का. मला तो तेव्हा न्यूटननं घालून दिलेला दंडक वाटायचा, सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच्या नियमासारखा. तो तसा नाही. १९१८ मध्ये एमी नोएथर यांनी दाखवलं की निसर्गाचे नियम जागेप्रमाणे बदलत नसतील, म्हणजे पुण्यात केलेला प्रयोग मँचेस्टरमध्ये तसाच चालत असेल, तर संवेग टिकून राहणं भाग आहे. 'थोडासाच मोडला तर काय बिघडलं' असं म्हणणाऱ्यानं मग 'इथले नियम आणि तिथले नियम थोडेसे वेगळे आहेत' हेही म्हणायला हवं. ते म्हणायला कुणी तयार नसतं.

आणि संवेग मोडला की त्याच्या मागोमाग ऊर्जाही जाते. हा हिशेब मी काकांसाठी करून पाठवला, तुम्हालाही देते. चीनमध्ये शिआनच्या एका गटानं २०१२ च्या सुमारास अडीच किलोवॉटवर ७२० मिलीन्यूटन रेटा मिळाल्याचं प्रसिद्ध केलं होतं. म्हणजे किलोवॉटमागे २८८ मिलीन्यूटन. रेटा गुणिले वेग म्हणजे दर सेकंदाला यानाला मिळणारी गतीची ऊर्जा. सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाला हा गुणाकार बरोबर एक किलोवॉट होतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं फिरतं. त्या वेगाला एक किलोवॉट घालून सव्वादोन किलोवॉटच्या आसपास बाहेर काढता येईल. मग सौर पंखे हवेत कशाला, यान स्वतःच वीजघर झालं! शिवाय हा वेग कुणाच्या तुलनेत धरायचा, हा प्रश्न आहेच. त्याला यंत्राकडे उत्तर नाही. रॉकेटमध्ये ही अडचण येत नाही, कारण मागे फेकलेल्या वायूबरोबर बाकीचा हिशेब निघून जातो. काहीही वस्तुमान न नेता नुसता प्रकाश मागे सोडून जायचं तर किलोवॉटमागे ३.३ मायक्रोन्यूटन मिळतात, आणि तिथे हा गुणाकार जुळायला प्रकाशाचाच वेग लागतो. तो गाठताच येत नाही. प्रकाशाचा हा हिशेब इतका चपखल बसतो की मला दर वेळी तो नव्यानं आवडतो.

आता मुख्य लेख. हॅरोल्ड व्हाइट आणि त्यांचे सहकारी, नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधला 'ईगलवर्क्स' नावाचा छोटा गट. नोव्हेंबर २०१६, 'जर्नल ऑफ प्रपल्शन अँड पॉवर'. निर्वात टाकीत, ४०, ६० आणि ८० वॉटवर घेतलेली मापं. निष्कर्ष: किलोवॉटमागे १.२ मिलीन्यूटन, अधिक-उणे ०.१. शुद्ध प्रकाशाच्या सुमारे ३६० पट.

टिंगल करायच्या तयारीनं वाचायला बसले आणि अर्ध्या तासात टिंगल विसरले. माणसं कामसू आहेत. वीज नेणाऱ्या तारांचा ताण तराजूवर पडू नये म्हणून त्यांनी द्रवरूप धातूचे जोड वापरलेत. बादली उलटी बसवून रेटा उलटा होतो का ते पाहिलंय. ती तराजूच्या दांडीच्या दिशेनं बसवून, म्हणजे रेटा असलाच तरी तराजूला जाणवू नये अशा बेतानं, पुन्हा मोजलंय. चुका कुठून शिरू शकतील याची यादी दिलीय. हा भाग मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला दिला तर त्यांचं भलंच होईल.

पण आकडा बघा. ८० वॉटवर हा रेटा शंभर मायक्रोन्यूटनच्या आत येतो, म्हणजे दहा मिलिग्रॅमचं वजन. तांदळाचा अर्धा दाणा. आणि तो मोजायचा कुठे, तर तापत चाललेल्या तांब्याच्या मोठ्या बादलीवर, जिच्याबरोबर तराजूची दांडीही तापते. तापलेला धातू पसरतो, पसरला की वजनाचा मध्य सरकतो, आणि पिळावर टांगलेला तराजू त्या सरकण्याला रेटाच समजतो. लेखकांना हे ठाऊक आहे. म्हणून त्यांनी आलेखाचे दोन भाग कल्पिले: वीज लागताच येणारा झटका म्हणजे रेटा, आणि त्यावर हळूहळू चढणारा उतार म्हणजे उष्णता. मग रेघा ओढून एकातून दुसरं वजा केलं. माझा आक्षेप इथे आहे. उष्णता हळूच येते, झटक्यानं येत नाही, हे त्यांनी गृहीत धरलं. जे सिद्ध करायचं तेच त्या गृहीतात दडलंय. बादली फिरवून मोजण्यानंही हा प्रश्न सुटत नाही, कारण बादली फिरवली की तिच्याबरोबर तिचं तापणं-पसरणंही फिरतं.

हे मी कोरडेपणानं लिहू शकत नाही, कारण या वाटेवर मी स्वतः चालले आहे. पहिल्या पोस्टडॉकमध्ये (कुठे ते राहू द्या) माझ्या तराजूवर एक सुंदर संकेत यायचा. वीज चालू केली की काटा हले, बंद केली की परत. सात महिने मी त्याच्याबरोबर राहिले. प्रमुखांनी परिषदेसाठी गोषवारा पाठवायला सांगितलं. करार संपत आलेला, व्हिसा कराराला बांधलेला, आणि हातात एकच गोष्ट, हा संकेत. एका रात्री मी मोजायची वस्तूच काढून ठेवली आणि बाकी सगळं तसंच ठेवून वीज सुरू केली. काटा हलला. तसाच, तेवढाच. मी तिथेच जमिनीवर बसले. तो एका तारेचा खेळ होता. गोषवारा गेला नाही, करार वाढला नाही. तेव्हा ईगलवर्क्सच्या माणसांनी खोटेपणा केला असं मी म्हणणार नाही. इतकं सुबक काहीतरी दिसत असताना वस्तू काढून बघायचा हात पटकन उठत नाही, एवढं मला माहीत आहे.

लेखाचा शेवटचा भाग मात्र मला माफ करता येत नाही. तिथे हा रेटा येतो कुठून याची चर्चा आहे, आणि ती पायलट वेव्ह सिद्धान्तातून निर्वाताच्या पुंजरूपापर्यंत जाते: निर्वात हेच एक माध्यम, त्याला ढकलून यान पुढे जातं, म्हणून संवेग मोडत नाही. हे लिहिताना किती वेगानं किती निर्वात मागे जातो याचा एकही तपासता येण्याजोगा आकडा मांडलेला नाही. मोजमापाच्या भागात जी शिस्त आहे ती इथे का सुटली? वर्तमानपत्रांनी उचललं ते नेमकं हेच पान. मोजमाप कच्चं असेल तर सिद्धान्ताची घाई कशाला?

पुढची गोष्ट ड्रेस्डेनची. तिथल्या तंत्र विद्यापीठातल्या मार्टिन टाइमार यांच्या गटानं तशीच बादली केली आणि २०१८ मध्ये सेव्हियाच्या परिषदेत निकाल सांगितला. रेटा त्यांनाही दिसला. मग त्यांनी वीज आणि बादली यांच्यामध्ये एक अ‍ॅटेन्युएटर बसवला. त्यामुळे मायक्रोवेव्ह बादलीत पोचायच्या आधीच दहा हजार पटींनी कमी होतात, पण अ‍ॅम्प्लिफायर आणि तारा आधीसारख्याच काम करत राहतात. बादली जवळजवळ रिकामी झाली, रेटा तेवढाच राहिला! मग तो येत कुठून होता? पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे ४८ मायक्रोटेस्ला आहे. दोन अँपिअर नेणारी दोन सेंटिमीटर तार त्यात ठेवलीत तर साधारण दोन मायक्रोन्यूटन बल मिळतं. गुणाकार करून पाहा, पाटीवर जमतो. त्यांचा संकेतही याच मापाचा होता. २०२१ मध्ये याच गटानं नासासारखी मांडणी करून तसाच आकडा आधी मिळवून दाखवला, आणि नंतर बादली टांगायची पद्धत बदलली. उष्णतेनं तराजू वाकायचा थांबला, रेटा नाहीसा झाला. काही उरलंच असेल तर ते शुद्ध प्रकाशाच्या रेट्याच्याही खूप खाली.

शिआनच्या गटानंही बॅटरी यंत्रावरच बसवून, बाहेरची तार तोडून पुन्हा मोजलं होतं, आणि तेव्हा रेटा गोंगाटात बुडाला. त्यांनी तसं छापलं, २०१६ च्या सुरुवातीला, नासाचा लेख यायच्या आधी. काकांना २०१२ चा आकडा पाठ होता, हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

ही जात जुनी आहे, म्हणून एक आठवण. १९५९ मध्ये नॉर्मन डीन या अमेरिकन माणसानं फिरत्या वजनांच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्या वर्षी जॉन कॅम्पबेल या संपादकानं आपल्या विज्ञानकथांच्या मासिकातून ते उचलून धरलं. जमिनीवर ठेवलं की ते यंत्र सरकायचं. पाटावर बसलेलं पोर अंगाला झटके देत पाट सरकवतं ना, तसंच. हळू मागे, झटक्यानं पुढे. बाकीचं काम फरशीचं घर्षण करतं. अवकाशात फरशी नसते.

राहिला गोडार्ड. १३ जानेवारी १९२० च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या अग्रलेखानं त्यांची खिल्ली उडवली होती, हे खरं. पण कशावरून? निर्वातात ढकलायला काहीच नाही, तर रॉकेट पुढे जाणार कसं, यावरून. म्हणजे संवेगाचा नियम अग्रलेखकाला कळला नव्हता. गोडार्डना कळला होता, आणि रॉकेट निर्वातातही चालतं हे त्यांनी हवा काढलेल्या नळीत प्रयोग करून दाखवलंही होतं. अपोलो ११ निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या वर्तमानपत्रानं चुकीची दुरुस्ती छापली. काका, तुमचा गोडार्ड माझ्या बाजूचा साक्षीदार आहे.

हे सगळं मी त्यांना लिहून पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: वहीच्या पानाचा फोटो, अक्षर सरळ, ड्रॉइंग ऑफिसातलं. माझा गुणाकार त्यांनी नासाच्या आकड्यानं पुन्हा केला होता. तिथे तो सेकंदाला ८३३ किलोमीटरवर जुळतो. खाली लाल शाईत, मी पाठवलेल्या हिशेबात एक शून्य जास्त पडलं होतं तिथे गोल. वर मी ते दुरुस्त केलंय. आणि शेवटी एक ओळ: "तो अ‍ॅटेन्युएटर लावायचं त्यांना आधी सुचलं होतं, की रेटा दिसल्यावर सुचलं?"

येत्या शनिवारी काकूंनी थालीपिठं करायचं ठरवलंय. मी ड्रेस्डेनचे दोन्ही लेख छापून नेणार आहे.